डीसी सर्किट सुरक्षितपणे कसं तोडावं: पहिल्यांदाच मॉसफेट स्विच बसवणाऱ्यांसाठी

इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट मिळवायचे, त्यावर छोटा डीसी पंप चालवायचा आणि टाकी भरली की तो आपोआप बंद व्हावा अशी सोय करायची. हा प्रकल्प हल्ली पुष्कळ जण हाती घेतात. पंप चालू करायला काहीच लागत नाही, दोन तारा टेकवल्या तरी तो फिरतो. अडचण येते ती बंद करताना. रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात, मॉसफेट (इशाऱ्यावर चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) फुटतो, नाहीतर स्विच ‘बंद’ दाखवतो आणि पंप चालूच राहतो. हे तिन्ही प्रकार टाळता येतात. त्यासाठी लागणारे सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात.

उदाहरण म्हणून एकच सेट धरून चालू: २४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी, ब्रशची डीसी मोटर असलेला पंप, चालताना ६ अँपिअर करंट, आणि पंप चालू-बंद करणारा ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. ४८ व्होल्टपर्यंत हीच पद्धत चालते, फक्त भागांची रेटिंग वाढवावी लागते. त्यापुढच्या व्होल्टेजला नवख्याने हात घालू नये.

डीसीची ठिणगी का टिकते

आपल्या घरातला ५० हर्ट्झचा एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. स्विच उघडताना आर्क (हवेतून वाहत राहणारी ठिणगी) पेटला तरी पुढच्या शून्याला तो विझायची संधी मिळते. डीसीत ती संधी येत नाही. कॉन्टॅक्ट दूर जातात, मधली हवा तापून वाहक होते आणि करंट त्या आर्कमधून वाहत राहतो. चांदीच्या कॉन्टॅक्टमध्ये आर्क टिकायला साधारण १२ व्होल्ट आणि ०.४ अँपिअरच्या वर असावं लागतं. म्हणूनच स्कूटरच्या १२ व्होल्टच्या सर्किटमध्ये साधे स्विच वर्षानुवर्षं टिकतात, २४ ला ते काळे पडू लागतात आणि ४८ ला जळतात.

याची खूण रिलेच्या अंगावरच छापलेली असते. बाजारात मिळणाऱ्या निळ्या चौकोनी रिलेवर २५० व्होल्ट एसीला १० अँपिअर लिहिलेलं असतं. डीसीसाठी मात्र १० अँपिअर फक्त ३० व्होल्टपर्यंतच, आणि तेही बल्बसारख्या साध्या लोडला. व्होल्टेज त्याच्या वर गेलं की क्षमता झपाट्याने घसरते.

मोठ्या पातळीवर हाच प्रश्न मुंबईच्या लोकलने नव्वद वर्षं सांभाळला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावलेली पहिली विजेची गाडी १५०० व्होल्ट डीसीवर होती आणि हार्बर मार्गावरचं हे डीसी २०१६ मध्ये संपलं. डीसी रेल्वेच्या सबस्टेशनमधले ब्रेकर आर्कला चुंबकाने ढकलून पातळ पट्ट्यांच्या खोक्यात ताणतात आणि तिथे त्याचे तुकडे करून विझवतात. मॉसफेटला हा खटाटोप लागत नाही. त्यात हवेची फटच नसल्यामुळे आर्क पेटत नाही. पण आर्कमध्ये जी ऊर्जा जळून जायची, तिला आता दुसरी वाट द्यावी लागते. वाट दिली नाही तर ती मॉसफेटमध्येच शिरते.

पायरी १: खरेदीच्या आधी तीन आकडे

पहिला आकडा सर्वांत जास्त व्होल्टेजचा. २४ व्होल्टची बॅटरी चार्ज होताना २८.८ पर्यंत चढते, त्यामुळे हिशोब २८.८ वर करायचा. दुसरा आकडा नेहमीच्या करंटचा, आपल्या उदाहरणात ६ अँपिअर.

तिसरा आकडा बहुतेक जण घेतच नाहीत: मोटर जाम झाल्यावरचा करंट. सुरू होताना क्षणभर आणि पंपात कचरा अडकला तर सतत, मोटर तेवढा करंट ओढते. तो काढायला वाइंडिंगचा रोध मोजा. मल्टिमीटरचे दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारं रीडिंग आधी वजा करा, कारण प्रोबच्या तारांचाच रोध ०.२ ते ०.३ ओहम भरतो. मग शाफ्ट हाताने हळूहळू फिरवत सर्वांत कमी रीडिंग टिपा. ते ०.८ ओहम आलं तर २४ भागिले ०.८, म्हणजे ३० अँपिअर. चालतानाच्या पाचपट! पुढची सगळी निवड या तिसाच्या आकड्यावर करायची आहे.

पंप ब्रशलेस असेल तर हा हिशोब लागू होत नाही. त्याच्या आत स्वतःचा कंट्रोलर आणि कपॅसिटर असतात. तिथे बंद करण्यापेक्षा चालू करतानाचा धक्का मोठा असतो, कारण रिकामे कपॅसिटर क्षणभर शॉर्टसारखे वागतात.

पायरी २: स्विचची जात ओळखा

दुकानात सॉलिड स्टेट रिले मागितला की बहुधा हातात ‘४० डीए’ पडतो. त्यातलं ‘ए’ हे अक्षर आउटपुट एसी असल्याचं सांगतं. आत ट्रायॅक किंवा एससीआर असतो. हे भाग एकदा चालू झाले की करंट शून्यावर आल्याशिवाय सुटत नाहीत, आणि डीसीत करंट शून्यावर येतच नाही. म्हणजे पंप चालू होतो आणि तुम्ही कंट्रोलची तार उपटली तरी थांबत नाही. आधी बल्ब लावून पाहणाऱ्याला रिले खराब निघाला असं वाटतं. तो खराब नसतो, चुकीच्या जागी बसवलेला असतो.

डीसीसाठी ‘डीडी’ लागतो. त्याच्या आत मॉसफेट असतो आणि आउटपुटवर बहुधा ५ ते ६० व्होल्ट डीसी लिहिलेलं असतं. त्याला अधिक-उणे असतं. उलट जोडला तर मॉसफेटच्या आतला डायोड वाहू लागतो आणि लोड कायम चालू राहतो. घाई असेल तर तयार ‘डीडी’ घ्या, पण पायरी ५ आणि ६ त्यालाही लागू आहेत. स्वतः मॉसफेट बसवला तर आत काय चाललंय ते कळतं आणि खर्चही कमी येतो. मी शिकणाऱ्याला तोच मार्ग सुचवेन.

पायरी ३: मॉसफेट निवडताना आकडेमोड करा

व्होल्टेज रेटिंग बॅटरीच्या कमाल व्होल्टेजच्या अडीच ते तीनपट धरा. २८.८ साठी १०० व्होल्टचा भाग, ४८ व्होल्टच्या सेटसाठी १५० चा. ५५ व्होल्टचा लोकप्रिय आयआरएफझेड४४एन २४ व्होल्टवर चालतो, पण बंद होतानाच्या उसळीसाठी जागा फार थोडी उरते.

करंटच्या बाबतीत डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा मोठा अँपिअरचा आकडा सोडून द्या. तो केस २५ अंश सेल्सिअसला धरून दिलेला असतो. पाहायचा तो चालू अवस्थेतला रोध. आयआरएफ५४०एन आणि आयआरएफबी४११० हे दोन्ही १०० व्होल्टचे. पहिल्याचा रोध ४४ मिलिओहम, दुसऱ्याचा जास्तीत जास्त ४.५. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध:

६ अँपिअरला ५४०एन मध्ये ३६ × ०.०४४, म्हणजे जवळपास १.६ वॉट. भाग तापला की रोध वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षात अडीच ते तीन वॉट धरा. हीटसिंकशिवाय या भागांचं टीओ-२२० पॅकेज प्रत्येक वॉटमागे साधारण ६२ अंश तापतं, म्हणजे हा भाग उघडा ठेवला तर गेलाच. ४११० मध्ये तेच गणित ०.१६ वॉट येतं, जेमतेम दहा अंशांची वाढ. मोटर जाम होऊन ३० अँपिअर आले तर ५४०एन मध्ये सुमारे ४० वॉट आणि ४११० मध्ये ४ वॉट. भावातला फरक या गणितापुढे किरकोळ आहे. तरी ४११० लाही छोटा हीटसिंक लावा, कारण जाम झालेली मोटर फ्यूज उडेपर्यंत काही सेकंद घेते.

नकली भागांचा सुळसुळाट आहे. त्याची परीक्षा पायरी ७ मध्ये आहे.

पायरी ४: गेट नीट चालवा

मॉसफेटला तीन पाय असतात: करंट ड्रेन आणि सोर्समधून वाहतो (इथे ड्रेन पंपाकडे, सोर्स निगेटिव्हला) आणि गेट त्याला हुकूम देतो. हा गेट म्हणजे छोटा कपॅसिटर आहे. तो भरला की स्विच चालू, रिकामा झाला की बंद. अर्धवट भरलेल्या अवस्थेत मॉसफेट ना धड चालू ना धड बंद असतो. त्या वेळी त्याच्यावर व्होल्टेजही असतं आणि त्यातून करंटही वाहतो, म्हणून उष्णता शेकडो वॉटवर जाते. ही अवस्था मायक्रोसेकंदांत ओलांडली पाहिजे. हळूहळू बंद होणारा स्विच मॉसफेटला जितका मारक, तितकं क्वचितच दुसरं काही असतं.

ईएसपी३२ ची पिन ३.३ व्होल्ट देते. ४११० चा थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट आहे, म्हणजे पिन थेट गेटला जोडली तर नेमकी तीच अर्धवट अवस्था कायमची मिळते. थ्रेशोल्ड हा ‘चालू होण्याचा’ आकडा समजू नका. तिथे जेमतेम गळती सुरू होते. पूर्ण चालू होण्यासाठी १० ते १२ व्होल्ट द्यावे लागतात.

त्यासाठी मध्ये टीसी४४२० हा गेट ड्रायव्हर बसवा. त्याला २.४ व्होल्टच्या वरचा सिग्नल ‘चालू’ वाटतो, त्यामुळे ३.३ व्होल्टची पिन पुरते. ड्रायव्हरला ७८१२ रेग्युलेटरने १२ व्होल्ट द्या. ७८१२ च्या इनपुटची मर्यादा ३५ व्होल्ट आहे, म्हणून त्याच्या आधी १०० ओहमचा रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवा, म्हणजे बॅटरीच्या तारेवरची उसळी तिथेच बोथट होते. ड्रायव्हर आणि गेट यांच्यामध्ये ४७ ओहम घाला. गेट ते सोर्स १० किलोओहम आणि १५ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजच्या वर वाहू लागणारा डायोड) जोडा, कारण गेट २० व्होल्टच्या पलीकडे सहन करत नाही. ड्रायव्हरच्या इनपुटलाही ग्राउंडकडे १० किलोओहम हवाच. बोर्ड रीसेट होताना त्याची पिन लोंबकळत असते, आणि हा रेझिस्टर नसेल तर वीज येताच पंप स्वतःहून उचकी देतो.

पायरी ५: साठलेल्या ऊर्जेला वाट द्या

मोटरच्या वाइंडिंगमध्ये, सोलेनॉइडच्या कॉइलमध्ये, अगदी लांब तारेतही करंट वाहताना चुंबकीय ऊर्जा साठते. शेतातल्या लांब पाइपलाइनचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला की पाण्याचा दणका बसून पाइप हादरतो, तसंच इथे घडतं. करंट एकदम थांबवू पाहिला की कॉइल व्होल्टेज वाढवत जाते, कुठून तरी वाट फुटेपर्यंत.

लोडच्या ऊर्जेसाठी फ्रीव्हीलिंग डायोड लावा. तो मॉसफेटच्या ड्रेनपासून पॉझिटिव्हकडे जोडायचा, पट्टीची बाजू पॉझिटिव्हला. तो बोर्डावर स्विचच्या शेजारीच बसवा, म्हणजे मोटरसोबत तिच्याकडे जाणाऱ्या तारांची ऊर्जाही त्याच वाटेने फिरून संपते. बंद होण्याच्या क्षणी जेवढा करंट वाहत होता तेवढाच या डायोडमधून जातो, म्हणून मोटरसाठी १ अँपिअरचा १एन४००७ घेऊ नका. ६ए१० घ्या. पंखा किंवा पंपाचा वेग पीडब्ल्यूएमने (भराभर चालू-बंद करून) कमी-जास्त करायचा असेल तर मात्र एमबीआर२०१०० सारखा वेगवान शॉट्की लागेल.

डायोड लावला की काम झालं, असं बरेच लेख सांगतात. अर्धंच झालेलं असतं. बॅटरीपासून बोर्डापर्यंतच्या तारेची ऊर्जा हा डायोड पकडत नाही. दोन-दोन मीटरच्या जाण्या-येण्याच्या तारांचं इंडक्टन्स २ मायक्रोहेन्री धरा. ३० अँपिअर एका मायक्रोसेकंदात तोडले तर २ × ३० = ६० व्होल्टची उसळी. त्यात बॅटरीचे २४ मिळवा, झाले ८४. त्याहून वेगाने तोडलं तर १०० ची मर्यादा ओलांडली. म्हणून बोर्डावर पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हमध्ये तीन गोष्टी जोडा: ४७० मायक्रोफॅरड ६३ व्होल्टचा कपॅसिटर, त्याला समांतर १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर आणि १.५केई३६ए हा टीव्हीएस डायोड. हा टीव्हीएस ३०.८ व्होल्टपर्यंत शांत राहतो, म्हणजे चार्जिंगच्या २८.८ ला त्रास नाही, आणि मोठी उसळी ४९.९ व्होल्टवर रोखतो. मोठा कपॅसिटर वीज तोडल्यावरही भरलेला राहतो, म्हणून त्याला समांतर अर्ध्या वॉटचा ४.७ किलोओहम रेझिस्टर जोडून ठेवा.

सोलेनॉइड व्हॉल्व्ह किंवा काँटॅक्टरची कॉइल तोडताना साधा डायोड लावला तर करंट रेंगाळतो आणि व्हॉल्व्ह उशिरा सुटतो. झटकन सुटायला हवं असेल तर डायोडच्या सिरीजमध्ये २४ व्होल्टचा झेनर उलट दिशेने जोडा. जास्त व्होल्टेजवर ऊर्जा लवकर संपते.

पायरी ६: मॉसफेटवर जीव सोपवू नका

या लेखातलं एवढं तरी नक्की लक्षात ठेवा: मॉसफेट मरतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे स्विच कायमचा चालू. तुमचा प्रोग्रॅम ‘बंद’ सांगत राहतो आणि पंप फिरत राहतो. शिवाय बंद अवस्थेतही त्यातून थोडी गळती असते. म्हणून रोजचं चालू-बंद मॉसफेटने करावं, पण दुरुस्तीसाठी हात घालण्याआधी किंवा संकटात वीज तोडण्यासाठी यांत्रिक साधनच हवं.

क्रम असा लावा: बॅटरीचा पॉझिटिव्ह, लगेच फ्यूज, मग आयसोलेटर (हाताने वीज तोडायचा स्विच), मग बोर्ड, लोड, मॉसफेट आणि शेवटी निगेटिव्ह. आपल्या पंपाला गाड्यांमध्ये असतो तो १० अँपिअरचा पात्याचा फ्यूज चालेल. सुरू होतानाच्या धक्क्याने तो वारंवार उडत असेल तर १५ चा लावा, मात्र तारही त्या हिशोबाची हवी. या फ्यूजवर ३२ व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे २४ च्या सेटला ठीक. ४८ च्या सेटला तो वापरू नका. ती बॅटरी ५७ व्होल्टच्या पुढे चार्ज होते, आणि कमी व्होल्टेजचा फ्यूज वितळल्यावरही आतल्या आत आर्क धरून ठेवू शकतो. फक्त ‘२५० व्होल्ट एसी’ लिहिलेला काचेचा फ्यूज डीसीची खात्री देत नाही.

आयसोलेटर म्हणून डीसी एमसीबी घ्या. काही डीसी एमसीबींवर अधिक-उणे छापलेलं असतं. ते पाळलंच पाहिजे, कारण आतलं चुंबक आर्कला एकाच दिशेला ढकलतं. उलट जोडला तर आर्क विझवायच्या खोक्यापासून दूर जातो आणि एमसीबीच जळतो.

वापरायचा क्रम ठरलेला. बंद करताना आधी मॉसफेट, मग आयसोलेटर. करंट आधीच शून्य असल्यामुळे आयसोलेटर ठिणगीशिवाय उघडतो. चालू करताना उलट, आधी आयसोलेटर आणि मग मॉसफेट. पण मॉसफेट शॉर्ट झाला त्या दिवशी हाच आयसोलेटर चालत्या करंटवर उघडावा लागणार आहे. त्यामुळे ‘ठिणगी तर पडतच नाही’ म्हणून हलका स्विच बसवू नका.

आणखी दोन गोष्टी. या जोडणीत स्विच निगेटिव्हच्या बाजूला आहे, म्हणून पंप बंद असतानाही त्याच्या दोन्ही तारांवर पॉझिटिव्ह असतो. गाडीवर किंवा ट्रॅक्टरवर, जिथे चॅसिस निगेटिव्हला जोडलेली असते, तिथे पंपाची मॉसफेटकडची तार सोलून चॅसिसला टेकली तर पंप चालू होईल. तिथे पॉझिटिव्ह बाजूचा स्विच वापरा. दुसरं, मॉसफेटमधला डायोड उलट दिशेचा करंट अडवत नाही. लोडच्या बाजूला दुसरी बॅटरी किंवा चार्जर असेल तर एक मॉसफेट पुरत नाही. दोन मॉसफेट एकमेकांकडे पाठ करून जोडावे लागतात. लिथियम बॅटरीच्या बीएमएसमध्ये (बॅटरीचं रक्षण करणाऱ्या बोर्डात) हीच रचना असते.

पायरी ७: चाचणी

अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा आणि चष्मा घाला. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून खोली हवेशीर असावी आणि फ्यूज-आयसोलेटर बॅटरीच्या अगदी डोक्यावर बसवू नयेत.

पहिल्यांदा फ्यूजच्या जागी ट्रकचा २४ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब जोडा. डायोड उलटा बसला असेल किंवा कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल आणि एक अँपिअरच्या आसपासच करंट जाईल, काही जळणार नाही. सगळं ठीक असेल तर तो क्षणभर चमकून विझतो, कपॅसिटर भरला की संपलं. मग लोडच्या जागी दुसरा बल्ब लावून चालू-बंद करून पाहा. ईएसपी३२ चं रीसेट बटण चार-पाच वेळा दाबा. लोडचा बल्ब लुकलुकता कामा नये.

आता खरा फ्यूज आणि पंप जोडा. पंप चालू असताना मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून मॉसफेटच्या ड्रेन आणि सोर्सच्या पायांवर मोजा. ६ अँपिअरला ४११० वर २७ मिलिव्होल्ट किंवा त्याहून कमी यायला हवेत. १०० च्या पुढे आकडा आला तर दोनच शक्यता: गेटला पूर्ण व्होल्टेज पोचत नाही, किंवा भाग नकली आहे. गेटवर १२ व्होल्ट असतील तर दुकानदाराकडे परत जा. दहा मिनिटांनी वीज तोडून हीटसिंकला आणि प्रत्येक लगला (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या जोडाला) हात लावून पाहा. स्विचपेक्षा लग जास्त तापला असेल तर क्रिम्प ढिला आहे.

बंद अवस्थेत, लोड काढून मोजलं तर मल्टिमीटरवर कधी कधी पूर्ण २४ व्होल्ट दिसतात. मीटरचा अंतर्गत रोध इतका मोठा असतो की सूक्ष्म गळतीही त्यावर पूर्ण व्होल्टेज उभं करते. लोड जोडून मोजा, आकडा शून्याजवळ येईल. लोड जोडूनही व्होल्टेज राहिलं तर मॉसफेट शॉर्ट झालाय. सोय असेल तर दोन रेझिस्टरचं डिव्हायडर लावून लोडवरचं व्होल्टेज ईएसपी३२ ला वाचायला द्या, आणि ‘बंद’चा हुकूम दिल्यावरही ते दिसलं तर बझर वाजवा.

सौर पंपवाल्यांसाठी

मागेल त्याला सौर कृषी पंप किंवा कुसुम योजनेतल्या पंपांची पॅनेलं सिरीजमध्ये जोडलेली असतात आणि त्यांचं डीसी व्होल्टेज शेकड्यांत जातं. वरचा बोर्ड तिथे चालणार नाही आणि करून पाहूही नका. वापरायचा क्रम मात्र तिथेही हाच आहे: आधी कंट्रोलरवरून पंप बंद करा, मग डीसी आयसोलेटर उघडा, आणि पॅनेलचे एमसी४ कनेक्टर सर्वांत शेवटी. चालत्या पंपावर एमसी४ ओढला तर हातातच आर्क पेटतो, आणि पॅनेलचा शॉर्ट-सर्किट करंट नेहमीच्या करंटहून थोडाच जास्त असल्यामुळे फ्यूजही उडत नाही. सूर्य आहे तोवर पॅनेलच्या तारा जिवंत असतात, त्यामुळे आयसोलेटर उघडल्यावरही त्याच्या पॅनेलकडच्या टर्मिनलला हात लावायचा नाही.